तारेवरची कसरत

आठवी-नववीतल्या पोरांचं काम अठ्ठावीसाव्या वर्षी करायला घेतलं की काय होतं? पहिल्या एक्स-रेपासून रिटेनरच्या डबीपर्यंतचा हा एक ‘तोंडी’ रिपोर्ट!

‘अय्या, तुला ब्रेसेस? या वयात?’

गेल्या चौदा महिन्यांत हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांपासून ते एका कंपनीच्या एचआर हेडपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो आवाज खाली आणून. ‘दुखतं का गं खूप?’ आणि तिसरा, एकदम कुजबुजत. ‘किती पैसे लागले?’

म्हणजे बघा, विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात स्वतःच्याच दातांचा विचार चाललेला असतो. तुम्हीही आता हे वाचता वाचता जीभ फिरवून तो एक वाकडा दात चाचपलाच असेल ना? मग हा कॉलम तुमच्यासाठीच!

आधी एक करा. या पानावरचा माझा फोटो बघा. तीन वर्षं तोच छापून येतोय. ओठ मिटलेले, मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर ‘मी किती विचारी’ असा भाव. त्यात विचार-बिचार काही नाहीये. दात झाकायचे होते, बस्स!

जस्सी जैसी...

स्टोरी सुरू होते २००९ साली, साताऱ्यात. मी बारा वर्षांची. शाळेत दंततपासणी शिबिर झालं आणि माझ्या कार्डावर डॉक्टरांनी लाल पेनाने काहीतरी लिहून दिलं. वरचे दोन्ही सुळे जागा न मिळाल्याने हिरडीत उंच चढून बसलेले, आणि खालचे पुढचे दात एकमेकांना खांदे मारत उभे. दातावर दात म्हणतात तो प्रकार. पुण्याहून महिन्यातून एकदा एक ऑर्थोडॉन्टिस्ट साताऱ्यातल्या क्लिनिकमध्ये यायचे. बाबा मला घेऊन गेले. खर्च पंचवीस हजार. बाबा पतसंस्थेत क्लार्क, आणि त्याच जूनमध्ये दादाची डिप्लोमाची अॅडमिशन. ‘बघू पुढच्या वर्षी,’ असं म्हणून आम्ही परत आलो. ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

वर्गात मला ‘जस्सी’ म्हणायचे. २००३ ते २००६ सोनीवर ‘जस्सी जैसी कोई नहीं’ लागायची, ती आठवते? चष्मा, बँग्ज आणि ब्रेसेसवाली मोना सिंग? मला फार राग यायचा. कारण जस्सीला निदान ब्रेसेस तरी मिळाले होते!

मग सवय लागली. हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर. कॉलेजात, फ्रेशर्स पार्टीत, मास कॉमच्या व्हायव्हात सगळीकडे. मला वाटायचं कुणाला कळत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाले आणि पहिल्यांदाच मी स्वतःला बोलताना बघितलं. स्क्रीनवरच्या त्या चौकोनात दर दोन मिनिटांनी एक मुलगी तोंडावर हात धरत होती. एका मीटिंगमध्ये क्लायंटने काळजीने विचारलं, ‘सर्दी झालीय का तुम्हाला?’

तेव्हा ठरवलं. पण ठरवणं आणि करणं यात फ्रीलान्सरच्या आयुष्यात चार वर्षं सहज जातात!

आधी मोजमाप

सगळ्यात पहिला गैरसमज : ब्रेसेस म्हणजे शाळकरी मुलांचं काम. तसं काही नाही. दात कुठल्याही वयात हलवता येतात. अट एकच, हिरड्या आणि दातांखालचं हाड ठणठणीत पाहिजे. फरक इतकाच, की लहानपणी जबड्याची वाढ चालू असते, तिचा फायदा घेता येतो. आपली वाढ कधीच थांबलेली. त्यामुळे दोष दातांचा असेल तर ब्रेसेसने काम होतं. जबडाच फार पुढे किंवा मागे असेल तर मोठ्यांमध्ये कधी कधी सर्जरीची जोड लागते. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, जायचं कुणाकडे? बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यानंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. अनेक क्लिनिकमध्ये ते ठरावीक वारी येतात. रिसेप्शनवर बिनधास्त विचारा, ‘ट्रीटमेंट नक्की कोण करणार आणि ते किती दिवसांनी येतात?’ आपण मोबाईल घेताना तीन दुकानं फिरतो, इथे तर तोंडाचा मामला आहे!

पहिल्या दोन भेटींत दाताला कुणी हातही लावत नाही. सगळ्या दातांचा एक सलग एक्स-रे (याला ओपीजी म्हणतात), एक चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे (सेफॅलोग्राम), चेहऱ्याचे आणि तोंडाच्या आतले फोटो, आणि दातांची मापं. मापं घ्यायची जुनी पद्धत म्हणजे चमच्यासारख्या ट्रेमधून तोंडात लगदा दाबायचा. आता बऱ्याच ठिकाणी छोटा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि स्क्रीनवर तुमची बत्तिशी गोल गोल फिरायला लागते. माझी बघून मला आमच्या एसटी स्टँडची आठवण झाली.

मग साफसफाई, म्हणजे स्केलिंग. किडलेला दात असेल तर तो आधी भरायचा. अक्कलदाढ त्रास देणार असेल तर तिचा निकाल. माझ्या खालच्या दातांमागे इतका टार्टर साठला होता की डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘वाकड्या दातांत ब्रश पोचतच नाही. सरळ केले की दिसणं सुधारतं हा बोनस समज.’ मला हे फार आवडलं. ‘हे सगळं हेल्थसाठी करतेय’ असं सांगायला एक सॉलिड कारण मिळालं!

मेनू कार्ड

आता चॉइस. माझ्यासमोर चार पर्याय ठेवले गेले.

मेटल : आपले नेहमीचे चकाकणारे. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मजबूत.

सिरॅमिक : दाताच्याच रंगाचे. लांबून दिसत नाहीत. पण थोडे जाडसर आणि ठिसूळ, शिवाय त्यांच्यावरची पारदर्शक रबरं आपल्या हळदीपुढे टिकत नाहीत. त्यावर पुढे येतेच.

लिंग्वल : दातांच्या मागच्या बाजूला लावतात. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही, पण सुरुवातीला जीभ सोलवटते, बोलणं बोबडं होतं आणि खर्च भरपूर.

अलायनर : पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे. दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा सेट. जेवताना काढायचे, ब्रश करून पुन्हा घालायचे. १९९७ मध्ये अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या इन्व्हिजलाइनने हा प्रकार जगभर नेला.

अलायनर ऐकायला झकास वाटतं. पण ते दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. म्हणजे उरले दोन ते चार तास. त्यात नाश्ता, जेवण, चार वाजताचा चहा, साडेपाचचा ‘चल ना खाली’ वाला चहा आणि प्रत्येक वेळी ब्रश! माझ्या रूममेटने अलायनर घेतलेत. एकदा कॅफेत काढून टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवले, आणि वेटरने टेबल पुसताना टिश्यूसकट कचऱ्यात टाकले. त्या रात्री आम्ही दोघी कॅफेच्या मागच्या दारी कचऱ्याच्या पिशव्या उपसत होतो. (मिळाले. पुन्हा घालायची हिंमत झाली नाही.)

आणखी एक. क्लिनिकमध्ये न जाता, घरी किट मागवून दात सरळ करून देणारे मॉडेलही मध्यंतरी गाजलं. त्यातली सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ट्रीटमेंट अर्ध्यावर असलेले पेशंट अधांतरी राहिले. दात हलवायचे म्हणजे मुळं आणि हाड हलणार. ते कुणीतरी डोळ्यांनी बघत राहायला हवं, एवढं लक्षात ठेवा.

मी मेटल घेतले. एक तर बजेट. दुसरं म्हणजे माझी केस जरा जास्तच ‘गर्दीची’ होती. आणि तिसरं, सोळा वर्षं लपवल्यावर पुन्हा काहीतरी अदृश्य लावून घ्यायचा कंटाळा आला होता.

चांगले दात काढायचे?

प्लॅन समजावताना मॅडमनी शांतपणे सांगितलं, ‘चार दात काढावे लागतील. वरचे दोन, खालचे दोन. सुळ्यांमागच्या पहिल्या उपदाढा.’

मी गार! चारही दात एकदम निरोगी. न किडलेले, न दुखणारे. पण हिशेब सरळ होता. तिघांच्या बाकावर पाच जण बसले तर कुणीतरी उठल्याशिवाय बाकीचे नीट बसणार कसे? प्रत्येकाला दात काढावेच लागतात असं नाही. गर्दी कमी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा कमान थोडी रुंदावून जागा करता येते. माझ्याकडे तेवढ्याने भागणार नव्हतं. असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, पण एक्स-रे समोर ठेवून ‘का’ ते समजून घ्या. दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घेतलं तर कुणी रागावत नाही. मी घेतलं. त्यांनीही तेच सांगितलं.

रात्री आईला फोन केला. ‘अगं पण चांगले दात कुणी काढतं का?’ असं म्हणून तिने ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर! हातात पिशवी, पिशवीत तूप, मेतकूट आणि आंबेमोहोर.

दोन खेपांत काम झालं. आधी उजवीकडचे दोन, आठवड्याने डावीकडचे. इंजेक्शनची टोचणी सोडली तर दुखत नाही. पण दाब जाणवतो आणि आवाज ऐकू येतो, त्याची मनाची तयारी ठेवा. नंतर अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, त्या दिवशी गरम खायचं नाही. आइस्क्रीम चालतं. डॉक्टरांनी सांगितलेलं आइस्क्रीम, म्हणजे काय मस्त गिल्ट-फ्री!

रिक्षातून घरी येताना मी कापूस चावत गप्प. आई बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, ‘तुझ्या बाबांनी तेव्हा पैसे बाजूला काढले होते.’

मी वळून बघितलं.

‘त्या वर्षी. पंचवीस नाही, पण पहिला हप्ता होता. मीच म्हटलं, आधी पोराची फी भरू. मुलीच्या दातांचं काय, लग्नाच्या वेळी बघता येईल.’

तोंडात कापूस. बोलायची सोय नाही. इतकी वर्षं माझ्या मनातल्या खात्यावर ते पंचवीस हजार बाबांच्या नावावर मांडलेले होते. दादाशी भांडण झालं की मी ते उकरून काढायचे, आणि बाबा दर वेळी ऐकून घ्यायचे. एकदाही ‘तुझ्या आईला विचार’ म्हणाले नाहीत.

घरी पोचल्यावर कापूस काढला. मी काहीतरी म्हणणार होते, पण तोवर आई उठून कुकर लावायला गेली होती.

दात चालतात कसे?

आता थोडं सायन्स. घाबरू नका, दोन पॅराग्राफ फक्त.

आपल्याला वाटतं दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला आहे. प्रत्यक्षात मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेने दाताला सतत हलका रेटा दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथल्या पेशी हाड विरघळवतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवीन हाड तयार होतं. दात हळूहळू सरकतो. एखादा ठेकेदार पुढचा रस्ता खणतोय आणि मागचा बुजवत येतोय, तसं. (फरक इतकाच की इथे मागचा खरंच बुजवतात!) वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. म्हणूनच दात काढलेल्या केसला दीड-दोन वर्षं लागतात. जोर वाढवून घाई केली तर मुळांना इजा होऊ शकते.

आणि ही तार? सुरुवातीची बारीक तार निकेल-टायटॅनियमची असते. हा धातू १९६० च्या आसपास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत पुढे आला. कितीही वाकवा, मूळ आकारात परत यायला बघतो. वाकड्या दातांत अडकवलेली तार सरळ व्हायला बघते आणि जाताना दातांना घेऊन जाते. पुढे जाड, चौकोनी, स्टीलची तार येते. ती मोकळ्या जागा बंद करते आणि मुळं उभी करते.

पहिला आठवडा

ब्रेसेसच्या चार-पाच दिवस आधी दाढांच्या फटींत छोटी रबरी कडी बसवतात, सेपरेटर. दाढेत पेरूची फोड अडकलीय आणि निघत नाहीये, असं चोवीस तास वाटतं. खरं सांगू? मला सगळ्यात वैताग याचाच आला.

ब्रेसेस लावताना मात्र काहीच दुखत नाही. गाल ताणणारं प्लॅस्टिक लावून तासभर आ वासून पडायचं. दातावर आंबटसर जेल लावतात, धुतात, ब्रॅकेट चिकटवतात, निळा लाइट मारतात. शेवटी तार ओवतात आणि वर रंगीत रबरं. मी बाहेर आले, सेल्फी काढला, रूममेटला मेसेज टाकला, ‘एवढंच? लोक उगाच घाबरवतात!’

तो मेसेज दुपारी साडेचारचा. रात्री साडेनऊला वरणभाताचं शीत चावताना डोळ्यांत पाणी!

तर टाइमटेबल लिहून घ्या. दुखणं चार-सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी शिखरावर असतं आणि बहुतेकांचं तीन ते सात दिवसांत उतरतं. ही ठणकणारी दाढदुखी नव्हे. सगळे दात ठेचल्यासारखे वाटतात, चावलं की कळतं. गार पाण्याने तात्पुरता आराम पडतो. मला पॅरासिटामॉल चालेल म्हणून सांगितलं होतं. तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारा, मनाने कुठलीही पेनकिलर घेऊ नका. दर वेळी नवीन तार बसली की याचा छोटा एपिसोड पुन्हा होतो, म्हणून अपॉइंटमेंट शुक्रवारी संध्याकाळी घ्या आणि प्रेझेंटेशन मंगळवारी ठेवा. हा माझा चौदा महिन्यांचा फंडा!

मग गालाच्या आतून छाले येतात. त्यासाठी मेण देतात. गोळी करून टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबायची. पंधरा दिवसांत गाल निबर होतात आणि तोंडात लोखंड आहे हे तुम्ही विसरायला लागता.

हळद, बाकरवडी आणि इतर शत्रू

सुरुवातीला मऊ भात, मुगाची खिचडी, उपमा, इडली, दुधात कुस्करलेली भाकरी. नंतर जवळजवळ सगळं खाता येतं, फक्त पद्धत बदलते. सफरचंद, पेरू, गाजर पुढच्या दातांनी तोडायचं नाही, चिरून दाढेखाली. कणसाचे दाणे काढून. चिक्की, ऊस, बर्फाचे तुकडे, च्युइंगगम यांना पूर्ण रजा. दिवाळीच्या फराळात बेसनाचा लाडू आपला मित्र, कडक चकली आणि कडबोळी नाही. चिवडा चालतो, पण नंतर तारेतून पोहे वेचत बसायची तयारी हवी.

माझा पहिला ब्रॅकेट बाकरवडीने पाडला. मॅडमनी विचारलं, ‘काय खाल्लं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, पोळी.’ त्यांनी नुसतं बघितलं. खोटं बोलू नका. ब्रॅकेट निघाला की तो दात थांबतो, आणि तेवढी तुमचीच ट्रीटमेंट लांबते.

आणि हळद! पहिल्या वेळी मी हौसेने पांढरी रबरं निवडली. घरी येऊन पिठलं खाल्लं. सकाळी आरशात बघते तर सगळी रबरं पिवळीजर्द, जणू बत्तिशीला हळद लागली! आपल्या जेवणाला पांढरा आणि पारदर्शक रंग मानवत नाही. करडा, गडद निळा किंवा जांभळा घ्या. डाग रबराला पडतो, दाताला नाही; पुढच्या भेटीत रबर बदलतात.

दाताला खरा धोका वेगळा आहे. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून राहिलं तर तिथलं इनॅमल खराब होतं आणि ब्रेसेस काढल्यावर दातांवर खडूसारखे पांढरे डाग उरतात. दोन वर्षं थांबून सरळ पण डागाळलेले दात! म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक किट ठेवाच. छोटा ब्रश, तारेखाली जाणारा बारीक बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश, मेण आणि छोटा आरसा. लंचनंतर वॉशरूममध्ये पाच मिनिटं. सुरुवातीला लाज वाटते, मग तिथे भेटणाऱ्या बायका आपल्याला स्वतःचे दात दाखवायला लागतात!

मधले महिने

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मधल्या काळात आपण आधीपेक्षा वाईट दिसतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात माझे सुळे खाली उतरले, पण काढलेल्या दातांच्या खिडक्या उघड्याच. हसले की दोन्ही बाजूंनी अंधार. एका फॅमिली फंक्शनचे फोटो बघून मी रडले होते, आणि ‘उगाच केलं’ असं त्या रात्री चक्क डायरीत लिहिलंय. असं वाटलं तर समजा, तुम्ही टाइमटेबलप्रमाणे चाललाय.

मग येतात रबर बँड. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, स्वतःच्या हाताने लावायचे, जेवण आणि ब्रश सोडून दिवस-रात्र. हे तुमच्यावर सोडलेलं काम. नियमित लावले तर वरचे-खालचे दात नीट जुळतात, कंटाळा केला तर महिने वाढतात. दोन दोन लावून काम दुप्पट होत नाही, नुकसान होतं. आणि हो, एका मीटिंगमध्ये ‘स्ट्रॅटेजी’ म्हणताना माझा रबर बँड तुटून थेट क्लायंटच्या लॅपटॉपवर. हा तोच ‘सर्दी झालीय का’वाला क्लायंट! त्याने तो पेनने हळूच बाजूला सारला आणि म्हणाला, ‘माझ्या मुलीचेही उडतात.’ कॉन्ट्रॅक्ट मिळालं.

खिशाचं काय?

मला मिळालेले आकडे सांगते : मेटल ४५ हजार, सिरॅमिक ६० हजार, अलायनर १ लाख ८० हजार. शहर, क्लिनिक आणि केसप्रमाणे हे बदलतात. मी १५ हजार सुरुवातीला भरले, बाकी दर भेटीला दीड हजार. भेट साधारण महिन्याने असते. मानधनाचा चेक लांबला तरी तार थांबत नाही, म्हणून मी ‘दात’ नावाचा वेगळा डबा केलाय. ऑफिसच्या मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका, बहुतेक पॉलिसींत हे बसत नाही, वाचून घ्या.

बजेट फारच टाइट असेल तर डेंटल कॉलेज. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केस करतात. खर्च खूप कमी, वेळ जास्त.

आणि जॉब बदलणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या! दोन वर्षांत आपल्यापैकी किती जण त्याच शहरात राहतात? मध्येच बंगळुरू किंवा ऑनसाइट निघालात, तर दुसरे डॉक्टर केस घेतात, पण पद्धत वेगळी असू शकते आणि पैसे नव्याने लागू शकतात. शहर सोडायचं ठरताच आधी डॉक्टरांना सांगा. एक्स-रे, फोटो, मापं आणि आतापर्यंत काय केलं याचं पत्र घेऊन निघा.

पिक्चर अभी बाकी है

ब्रेसेस निघाले की संपलं? इथेच लोक फसतात. माझ्या मावसबहिणीचे ब्रेसेस २०१६ मध्ये निघाले. रिटेनर दिला होता, तो तिने तीन महिने घातला आणि मग ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. २०२२ मध्ये तिच्या लग्नाच्या फोटोत खालचे दात पुन्हा वळलेले! हिरडीतले तंतू रबरासारखे ताणलेले राहतात, दाताला जुन्या जागी ओढत असतात आणि नवीन हाड पक्कं व्हायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री. किती वर्षं? मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, ‘जोपर्यंत दात सरळ हवेत, तोपर्यंत.’ काहींना दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतात. थोडक्यात, हे लग्नासारखं आहे. सोहळ्यावर खर्च सगळे करतात, रोजचं निभावणं वेगळं!

माझे अजून सहा-आठ महिने बाकी आहेत. खिडक्या जवळजवळ बंद झाल्यात. मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले होते. जेवताना दादाने काहीतरी फालतू जोक मारला आणि मी जोरात हसले. दोन्ही हात भाकरी मोडण्यात गुंतलेले. मग लक्षात आलं, की हात मोकळा असता तरी वर गेला नसता. बाबा बघत होते. म्हणाले, ‘छान बसले गं दात.’ मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही पहिला हप्ता बाजूला काढला होता, ते मला कळलंय.’ त्यांनी आईकडे बघितलं, आईने आमटीचं भांडं पुढे केलं. ‘अजून घे’ म्हणाली. बाबांनी घेतली.

पुढच्या अंकापासून या पानावरचा फोटो बदलतोय. एडिटर म्हणाले, ‘ब्रेसेस निघाल्यावरच काढू की!’ मी म्हटलं, नको. आत्ताच. तारांसकट.

निघण्यापूर्वी हे विचारा

* ट्रीटमेंट करणारे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहेत ना?
* सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, तुटलेले ब्रॅकेट आणि रिटेनर धरलेत का?
* दात काढायचे असतील तर का? न काढता काय होईल?
* साधारण किती महिने? कशामुळे लांबू शकतं?
* रविवारी रात्री तार टोचायला लागली तर फोन कुणाला करायचा? (तोवर मेण लावा, नेलकटरने प्रयोग नकोत!)
* शहर बदललं तर पैशांचा हिशेब कसा?